कागदी वाढदिवस

सूतगिरणीत मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. साहेब आठला आले असं मी रोज लिहायचो आणि साहेब साडेदहाला यायचे. तेव्हा नोंदवही या वस्तूवर माझा किती विश्वास असेल ते तुम्हीच ठरवा. अशा माणसाला सरकारने ‘नागरिक पंच’ म्हणून बोलावलं, यातच त्या योजनेची अक्कल दिसते.

नोटीस आली तेव्हा आमच्या कुसुमने ती दोनदा वाचली आणि हसत सुटली. “नऊ माणसांनी मिळून एकाला तुरुंगात घालायचं, आणि त्या नवांत तुम्ही? अहो, तुम्हाला मेथी आणू की शेपू आणू ते ठरत नाही.”

खरंच होतं ते. पण काळजी करण्याचं कारण नव्हतं, कारण नव्या पद्धतीत पंचांना काही ठरवायचंच नव्हतं. योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी पंचांना एका खोलीत बसवून चर्चा करायला लावत. चर्चा म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक बोलणार आणि आठजण माना हलवणार. एका जिल्ह्यात तर पंच जेवणात मटण असावं की नसावं यावर सहा दिवस भांडले आणि सातव्या दिवशी अर्ध्या तासात एकाला जन्मठेप देऊन घरी गेले. मग सरकारने चर्चा बंद केली आणि खात्रीमापक विकत घेतलं.

हे यंत्र म्हणजे कपाळाला बांधायची एक पट्टी. त्यामागचं शास्त्र खोटं नाही, एवढं मी मान्य करतो. माणसाला एखादी गोष्ट पक्की ठाऊक असते तेव्हा त्याच्या मेंदूचा पुढचा भाग एका तऱ्हेने वागतो आणि शंका असते तेव्हा दुसऱ्या तऱ्हेने. रक्त कुठे किती धावतं, विजेचे बारीक ठोके किती अंतराने पडतात, हे पट्टी मोजते. अडचण एकच: प्रत्येकाचा मेंदू वेगळा. माझी खात्री तुमच्या शंकेसारखी दिसू शकते. म्हणून प्रत्येक पंचाची पट्टी आधी जुळवून घ्यावी लागते. त्याला पक्क्या ठाऊक असलेल्या एका गोष्टीबद्दल विचारायचं, त्या वेळी मेंदू जसा वागेल ती शंभराची रेघ. मग ठाऊक असणं शक्यच नाही अशी गोष्ट विचारायची, ती शून्याची रेघ. पुढे खटल्याच्या शेवटी एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर या दोन रेघांच्या मध्ये कुठे पडतं ते पाहायचं. नऊजणांची सरासरी नव्वद किंवा त्याहून वर गेली की आरोपी दोषी. खाली राहिली की घरी. माणसाने तोंड उघडायचंही कारण नाही.

पट्ट्या जुळवायला ईशा पतंगे नावाची एक तरतरीत मुलगी होती. तिने आधी आमच्याकडून शपथ घेतली, की विचारलेल्या प्रश्नांना खरीच उत्तरं देऊ, न दिल्यास दोन वर्षं कैद. मग तुरीच्या डाळीने भरलेली एक बरणी माझ्यापुढे ठेवली.

“काका, यात पाच हजारांपेक्षा जास्त दाणे आहेत?”

“मला काय माहीत?”

“छान. ही तुमची शंका.” तिने बटण दाबलं. “आता नागरिक नोंदीत पाहून विचारते. तुमची जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्त्याहत्तर?”

“हो.”

“तुमचा जन्म जून महिन्यातला?”

“हो.”

असं तिने बारा वेळा घोळवून घोळवून विचारलं आणि मी बारा वेळा हो म्हटलं. जन्मतारीखच का, तर ती प्रत्येकाच्या नोंदीत असते आणि स्वतःची जन्मतारीख कुणी चुकत नाही, असं यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं. हे लोक कुठे जन्मले होते कोण जाणे. इस्पितळात जन्मले असावेत.

*

खटला हिराबाई सरवदे नावाच्या बाईवर होता. वय पंचावन्नच्या आसपास. नांदरेवाडीच्या शाळेत ती पोरांचा स्वयंपाक करायची. तेलात भेसळ निघाली, एकतीस पोरं इस्पितळात गेली आणि रेणुका नावाची सात वर्षांची मुलगी वारली. हिराबाई चौदा महिने तुरुंगात होती आणि दोषी ठरली असती तर आणखी दहा वर्षं आत जाणार होती.

तेल पुरवणारा ठेकेदार कधीच सुटला होता. कारण जेवण वाढण्याआधी चव नोंदवावी लागते. शाळेतल्या पडद्यावर सात प्रश्न येतात. तेलाचा डबा पाहिला का, वास घेतला का, स्वतः चव घेतली का, वगैरे. सातही उत्तरं ‘हो’ आली आणि स्वयंपाकिणीने अंगठा लावला, की जेवण योग्य. अंगठा हिराबाईचा होता. म्हणजे ठेकेदार निर्दोष, मुख्याध्यापक निर्दोष, अन् अख्खं पोषण खातं निर्दोष. एका अंगठ्यात इतक्या मोठमोठ्या माणसांची अब्रू मावते हे मला पहिल्यांदाच कळलं.

मुख्याध्यापक लोंढे सर साक्षीला आले ते चंदनाचं अत्तर लावून. “बाई स्वतःच प्रश्न वाचून उत्तरं द्यायच्या,” म्हणाले.

“हिराबाई, तुम्हाला वाचता येतं?” सरकारने तिला फुकट दिलेल्या वकिलाने विचारलं. आठ दिवसांत त्या गृहस्थाने विचारलेला हा एकमेव शहाणा प्रश्न.

“न्हाई वो.”

“मग उत्तरं कोण द्यायचं?”

“सरच दाबायचे. टकटक टकटक करायचे आन् म्हनायचे, लाव गं अंगठा. म्या लावायची. न्हाई लावला तर पोरांचा आकडा वर जात न्हाई, आन् आकडा गेला न्हाई तर दुसऱ्या दिवशीचं धान्य येत न्हाई. पोरं उपाशी ऱ्हात्यात.”

फिर्यादी वकील उठले. “अंगठा तुमचाच ना?”

“माझाच की.”

“झालं,” म्हणून ते बसले. पडद्यावरच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी सात उत्तरं चार सेकंदांत दिली गेली होती. यावर वकिलांचं म्हणणं असं, की बाईंचा हात सरावलेला होता.

माझ्या शेजारी पोपटराव वाघचौरे बसायचे. ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. आठ दिवस आम्ही डबे वाटून खाल्ले. त्यांच्या घरचा शेंगदाण्याचा ठेचा उत्तम असायचा, ते नाकारण्यात अर्थ नाही.

“लोंढ्या खोटं बोलतोय,” डबा उघडता उघडता पोपटराव म्हणाले. “आमच्या गावात हेच चालतं.”

“मग?”

“मग काय. कागदावर तिचा अंगठा आहे. कागदापुढे आपण कोण?”

पलीकडे दातांच्या डॉक्टर सबनीस बाई होत्या. त्यांना बाई दोषी आहे याची पहिल्या दिवसापासून खात्री होती, कारण त्यांच्याकडची स्वयंपाकीण तूप चोरायची. माझ्या मनात दोन वाटा होत्या. एक म्हणत होती, नोंद आहे, हो म्हण. दुसरी म्हणत होती, नोंदी कशा होतात हे तुझ्याइतकं या खोलीत कुणाला ठाऊक आहे? शेवटी मी स्वतःची समजूत घातली, की यंत्र आहे ना. माझ्या मनात जी काय शंका आहे ती ते मोजेल. मला जे धैर्य नव्हतं ते मी पट्टीवर सोपवलं आणि ठेचा खाल्ला.

*

निकालाचा दिवस एक जूनला आला. नव्या न्यायालयांना उन्हाळी सुट्टी नव्हती.

सकाळी कुसुमने चहा पुढे केला. “आज तुमचा कागदी वाढदिवस.” खरा वाढदिवस ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी करून साजरा करते, कारण आई सांगायची, पोळ्याचे बैल अजून रंगलेले होते तेव्हा तू झालास. साल कुठलं, ते आईलाही नक्की सांगता येत नव्हतं. गुरुजींनी शाळेत नाव घालताना माझ्या डोक्यावरून हात नेऊन कान धरता येतो का ते पाहिलं आणि सहा वर्षं पुरी होतील असा एक जून लिहून टाकला. आमच्या वर्गात बावीस पोरं होती. अठराजणांचा वाढदिवस एक जून.

कोर्टात पोचलो तर पंचांच्या खोलीत केक. शिरस्तेदार बोंद्रे हातात सुरी घेऊन उभा होता. नागरिक नोंदीने आपोआप शुभेच्छा पाठवल्या होत्या आणि नव्या नियमाप्रमाणे पंचांचा वाढदिवस कोर्टाने साजरा करायचा होता. केकवर साखरेने सहा नावं लिहिली होती. नवांपैकी सहा.

“योगायोग म्हणायचा!” सबनीस बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. त्यांचा जन्म पुण्यातल्या इस्पितळातला.

आम्ही सहाजण एकमेकांकडे बघून गालात हसलो. पोपटराव माझ्या कानाशी आले. “आपण तर भाऊबीजेचे. आई ओवाळून उठली आणि मी झालो.” आणि मोठ्याने बोंद्रेला म्हणाले, “कापा, कापा! एक जूनवाले सगळे भाग्यवान!”

सहा म्हाताऱ्यांनी खोट्या वाढदिवसाचा केक मिटक्या मारत खाल्ला. मीही खाल्ला. गुलाबी साखर मिशीला लागली होती ती बोंद्रेने दाखवली.

*

दुपारी तीनला पट्ट्या बांधल्या. न्यायाधीश पाठारे मॅडमनी प्रश्न वाचला: “आरोपीने नोंदीप्रमाणे स्वतः वास व चव घेऊन, जाणूनबुजून अयोग्य अन्न योग्य असल्याचं नोंदवलं का?”

मी पिंजऱ्याकडे पाहिलं. हिराबाई आमच्याकडे नाही, पट्ट्यांकडे पाहत होती. मी मनाशी म्हटलं, कागदावर हो आहे. आत मात्र काहीतरी हलत होतं. ते नेहमीचंच होतं. साहेब आठला आले असं लिहिताना हलायचं ते.

भिंतीवर आकडा उमटला. त्र्याण्णव.

हिराबाईला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत असावेत, कारण तिने कठडा धरला.

पंचाला त्याचा स्वतःचा आकडा मनगटावर दिसतो. मी पाहिला. अठ्ठ्याण्णव.

मी पुन्हा पाहिलं. अठ्ठ्याण्णवच. मला? जो आठ दिवस डळमळत होता त्याला? पहिल्यांदा वाटलं यंत्र बिघडलं. मग मिशीवरची गुलाबी साखर आठवली.

यंत्र अजिबात बिघडलं नव्हतं. त्याला आम्हीच शिकवलं होतं. ‘एक जून?’ असं विचारलं तेव्हा मला काय वाटलं होतं? कागदावर आहे, म्हणून हो म्हणा, आत काय आहे ते आपल्यापाशी. नेमकी ती अवस्था यंत्राने शंभराची रेघ म्हणून लिहून घेतली. ‘हिराबाई?’ असं विचारलं तेव्हाही मला तेच वाटलं होतं. यंत्राने रेघेशी रेघ लावली आणि म्हणालं, या गृहस्थाची पुरी खात्री आहे. ज्यांना बाईबद्दल शंका होती, त्या सहाजणांची शंकाच दहा वर्षांची शिक्षा देत होती. सबनीस बाईंची तुपाची चोरी त्यापुढे काहीच नव्हती.

मॅडमनी निकालपत्र पुढे ओढलं. मला शपथ आठवली. खोटं उत्तर, दोन वर्षं. मी बारा वेळा दिलं होतं. खरं सांगतो, मी सगळ्यांत आधी याचा हिशेब केला, की इतरांपैकी कुणी उठतंय का. पाचजण होते. त्यांनाही मनगटावर आकडे दिसत होते. कुणी उठलं तर बरं, मला बसून राहता येईल. एवढी माझी लायकी.

कुणी उठलं नाही. मॅडमनी पेन उघडलं तेव्हा मी उभा राहिलो.

“मॅडम, माझा जन्म एक जूनचा नाही.”

“बसा, खटके. तुमच्या वाढदिवसाचा इथे काय संबंध?”

मी सांगितला. ईशा पतंगे आधी हसली, मग तिने घाईघाईने पडद्यावर माझा आलेख उघडला, आणि मग तिचं हसू गेलं.

“मॅडम, हे शक्य आहे,” ती हळूच म्हणाली. “आम्ही जन्मतारीख खरी धरूनच…”

“ज्यांची नोंदीतली तारीख एक जून आहे ते हात वर करा,” मॅडम म्हणाल्या. सहा हात वर झाले. “यांपैकी कुणाची तारीख खोटी आहे? खोट्या उत्तराला शिक्षा आहे, हे लक्षात घेऊन सांगा.”

पाच हात खाली आले. पोपटराव चपलेकडे बघत होते. भाऊबीजेला ओवाळणाऱ्या आईला त्यांनी भर कोर्टात जूनमध्ये नेऊन बसवलं.

“पोपटराव,” मी म्हटलं.

“एक जूनच,” ते चपलेला म्हणाले. “शाळेचा दाखला आहे.”

हेच ते लोक, ज्यांना कागदापुढे आपण कोण असा प्रश्न पडतो. मला त्यांची किळस आली. त्यांच्यात बसून मी केक खाल्ला होता, म्हणून माझीही आली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “नियमाप्रमाणे पंचाने स्वतः सांगितलेली चूक दुरुस्त करता येते. ज्यांनी सांगितलेली नाही, त्यांची नाही. पतंगे, यांची पट्टी पुन्हा जुळवा. दुपारचं उत्तर साठवलेलं आहे ना?”

“हो. फक्त शंभराची रेघ बदलायची.” ईशा माझ्यासमोर येऊन बसली. “काका, अशी एक गोष्ट सांगा जिच्याबद्दल तुमच्या मनात जराही शंका नाही. तुमचं नाव घेऊ?”

“घरी मला बाळू म्हणतात. मुरलीधर हे गुरुजींनी लिहिलं.”

“आईचं नाव?”

“नोंदीत सरस्वती आहे. तिचं नाव सारजा होतं.”

“मग पत्नीचं?”

“कुसुम हे लग्नात ठेवलेलं.”

ईशाने कपाळाला हात लावला. मीही हादरलो होतो. सहासष्ट वर्षं म्हणा किंवा किती असतील ती, एवढ्या आयुष्यात मला पक्की ठाऊक असलेली एकही गोष्ट सरकारच्या नोंदीत नव्हती. मी रांगेकडे पाहिलं. पाच माना खाली होत्या.

“लिहा,” मी म्हटलं. “या रांगेतल्या पाचजणांनी आत्ता कोर्टात खोटं सांगितलं.”

कोर्टात गलका झाला. मॅडमनी हातोडा आपटला नाही, त्या फक्त पडद्याकडे पाहत राहिल्या. रेघ सरळ वर गेली आणि तिथेच थांबली.

“इतकी स्वच्छ रेघ मी अजून पाहिली नव्हती,” ईशा म्हणाली.

माझा अठ्ठ्याण्णव सत्तावीसवर आला. भिंतीवरचा त्र्याण्णव पंच्याऐंशीवर. हिराबाईने कठडा सोडला.

म्हणजे बाई सुटली ती न्यायाने नाही. न्यायाचा कुणी प्रयत्नच केला नव्हता. एका माणसाला दुसऱ्या पाचांची शिसारी आली आणि ती मोजता आली, म्हणून सुटली. संध्याकाळच्या बातम्यांत मात्र ‘खात्रीमापकाने स्वतःची चूक स्वतः शोधली’ असं सांगितलं, आणि पुढच्या महिन्यापासून जन्मतारखेऐवजी रेशनकार्डावरची माणसं विचारणार असंही सांगितलं. हसावं की रडावं ते कळेना.

*

बाहेर व्हरांड्यात बोंद्रे टेबल मांडून बसला होता. मला त्याने तीन कागद दिले. खुलासा, हमीपत्र आणि आणखी काहीतरी. “खटकेसाहेब, चौकशीची नोटीस येईल घरी. खोट्या शपथेची. इथे, इथे आणि इथे.” मी तीन सह्या ठोकल्या.

मागून पोपटराव आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बरं केलंत उठलात. कुणीतरी उठायलाच हवं होतं.”

मी खांदा काढून घेतला. त्यांचा ठेचा मला यापुढे कधी गोड लागणार नव्हता. ते निघून गेले.

मग हिराबाई आली. बरोबर एक शिपाईण. बोंद्रेने छापील कागद आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. “सुटकेचा कागद. कर अंगठा, बाई. पाचला बंद होतं.”

हिराबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“काय ल्हिवलंय?”

“अगं, सुटलीस तू. तेच लिहिलंय.”

“वाचा.”

“आता इतकं सगळं वाचायचं?”

“वाचा की. म्या हाय हितंच.”

बोंद्रेने माझ्याकडे पाहिलं, जणू आम्ही दोघे एका बाजूचे होतो. मग गडबडीत वाचायला लागला. सदर इसम, सदर प्रकरणी, सदर तारखेस. शेवटी आला: “मला कारागृहात कोणताही त्रास झालेला नाही व माझी कोणाविरुद्ध कसलीही तक्रार नाही.”

“थांबा. श्येवटचं परत.”

“कसलीही तक्रार नाही.”

“हाय की.”

“काय आहे?”

“तक्रार. माझी हाय आन् त्या रेणुकाची हाय. ती रोज भाकरीचा पापुद्रा मागून न्यायची. ल्हिवा तसं, मग लावते अंगठा.”

“तसं लिहिता येत नाही. छापील आहे हा. आणि पाचला बंद होतं, सांगितलं ना!”

हिराबाई बाकावर बसली. “हू द्या बंद. चौदा म्हैने बसले. मला सवय झालीया.”

माझे तीन कागद अजून टेबलावरच होते. मी वरचा उचलला, खिशातून चष्मा काढला आणि तिच्या शेजारी बसून पहिल्यांदाच वाचायला लागलो. वर माझं नाव होतं. दुसऱ्या ओळीत छापलं होतं, जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्त्याहत्तर, वरील माहिती मी वाचली असून ती खरी आहे. खाली माझी सही. शाई अजून ओली होती.

“बोंद्रे,” मी म्हटलं, “दोन कोरे कागद आण.”